चांद्याचा हिवाळा व आमचे प्रवासी

अलीकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून हिवाळी प्रवासाची एक नवी विद्या उदयास आली आहे. तिच्या उपासकांचे दर्शन आम्हांस दर वर्षी आषाढाच्या सुमारास घडते. बाहेर पावसाची झड लागलेली असावी, आणि घरात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून पतिपत्नी, महाविद्यालयात जाणारी कन्या व सर्वांहून उत्साही असे सेवानिवृत्त आजोबा, डिसेंबराच्या अखेरीस ग्रीसला जावे की पोर्तुगालला ह्याचा ऊहापोह करीत असावेत, हे दृश्य नागपुरात आता नवलाचे राहिलेले नाही. युक्तिवाद ठरलेला असतो. उन्हाळ्यात त्या देशांत प्रवाशांची झुंबड उडते, ऊन कडक असते, भाडी भडकलेली असतात. हिवाळ्यात तीच नगरे शांत, हवा सौम्य, विमानाचे व उतारगृहांचे दर उतरलेले, आणि एखाद्या पडक्या देवालयासमोर घटकाभर एकट्याने उभे राहण्याची सोय. ह्यालाच ते 'ऑफ-सीझन' म्हणतात. मग ग्रंथ मागविले जातात, कोणत्या वस्तुसंग्रहालयास कोणत्या वारी सुटी ह्याची टिपणे होतात, आणि आजोबा पेरिक्लीजचा काळ पुन्हा एकवार वाचून काढतात.

ह्या उद्योगाची थट्टा करावी असा आमचा हेतू मुळीच नाही. देश पाहावयाचा तर त्याची हवा कोणत्या ऋतूत प्रसन्न असते हे आधी पाहावे, गर्दीच्या विरुद्ध दिशेने जावे, वाचून जावे, सावकाश पाहावे, ही प्रवासाची उत्तम रीत होय. आमची तक्रार एवढीच की, ही सारी विवेकबुद्धी पारपत्रावर शिक्का बसल्याखेरीज जागी होत नाही. अथेन्सचा डिसेंबर सौम्य असतो हे ज्यांस तोंडपाठ आहे, त्याच मंडळींना नागपूरपासून दीडशे किलोमीटरांवरील चांद्याचा डिसेंबर कसा असतो हे ठाऊक नसते. चांद्याकडे ती येतात, नाही असे नाही. परंतु कधी येतात, तर मे महिन्यात!

मे महिन्यात चांद्याचा पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांपर्यंत चढतो हे सर्वश्रुत आहे. अशा भट्टीत पुण्या-मुंबईची व नागपूरची माणसे लहान मुलांसह उघड्या गाडीत बसून ताडोबाच्या जंगलात हिंडतात, कारण त्या दिवसांत वाघ दिसतो. का दिसतो, त्याचे कारण सोपे आहे. पानगळ झालेली असते, गवत वाळून बसलेले असते, नाले आटलेले असतात. पाण्याचे चार डोह उरतात आणि तहानलेल्या जनावरास तेथे यावेच लागते. प्रवासी डोहाशी दबा धरून बसतो, वाघ येतो, छायाचित्र निघते, आणि त्याच संध्याकाळी गाडी नागपूरच्या वाटेला लागते. जाताना ही मंडळी भांदकावरून जातात, चंद्रपूरच्या तटाला वळसा घालून जातात, आणि घरी जाऊन चांदा पाहिला असे सांगतात. वाघ पाहणे वाईट असे कोण म्हणेल? परंतु अथेन्सला जाऊन केवळ तेथील प्राणिसंग्रहालय पाहून परतणाऱ्यास हीच मंडळी काय म्हणतील, ह्याचा त्यांनीच विचार करावा.

ह्या मे महिन्याच्या खुळाचा उगम शोधू गेल्यास मोठी गंमत दिसते. आमच्या पूर्वजांचा प्रवासाचा हंगाम दसऱ्यास सुरू होई. पावसाळा संपला, नद्यांना उतार पडला, वाटा वाळल्या, म्हणजे सीमोल्लंघन करून फौजा निघत, त्यांच्यामागून व्यापारी व यात्रेकरू निघत. वैशाखात घराबाहेर पडावे ते लग्नकार्यापुरते. पुढे इंग्रज आला. त्याला येथील उन्हाळा सोसेना, म्हणून त्याने त्या दिवसांत कचेऱ्या, न्यायालये व विद्यालये मिटून पचमढी-चिखलदऱ्याची वाट धरली. मे महिन्याची दीर्घ सुटी आम्ही त्याच्यापासून उचलली, आणि सुटी म्हणजे प्रवास हे समीकरण बसवून टाकले. परंतु ती सुटी उन्हापासून पळण्यासाठी होती, उन्हात शिरण्यासाठी नव्हे, एवढे तारतम्य मात्र उचलावयाचे राहून गेले. खुद्द तो इंग्रज अधिकारी चांद्याच्या मुलखात हिंडावयास निघे तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या महिन्यांत, तंबू-राहुट्या घेऊन. ह्या जिल्ह्याविषयीची जी दोन पुस्तके अद्यापि कोणासही टाळता येत नाहीत, म्हणजे मेजर ल्यूसी स्मिथचा १८६९ चा जमाबंदीचा अहवाल आणि १९०९ चे चांदा गॅझेटियर, ती असल्याच हिवाळी दौऱ्यांच्या परंपरेतून तयार झाली आहेत. परकी अधिकारी मे महिन्यात चांद्यास मुद्दाम आल्याचा एक ठळक दाखला इतिहासात आहे. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज फौज तोफा घेऊन आली आणि तिने चांद्याचा तट फोडला. आमच्या पर्यटकांनी तोच मुहूर्त उचलावा ह्यास काय म्हणावे!

हंगाम कोणता आणि बिनहंगाम कोणता, हे वस्तुतः ठरवावयाचे कोणी? उतारगृहांच्या दरपत्रकाने, की त्या प्रदेशाने? ज्या तारू नावाच्या पुरुषावरून ताडोबाचे नाव पडले, तो गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला अशी कथा आहे. तळ्याकाठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाणे आहे. त्या ठाण्याशी आदिवासींची यात्रा भरत असे ती पौषात, हे आम्ही मुद्दाम सांगतो. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली त्याच्या शेजारी अंधारी अभयारण्य झाले, १९९५ साली व्याघ्रप्रकल्प झाला. परंतु ह्या सर्वांच्या कितीतरी आधीपासून त्या तळ्यावर माणसे जात होती आणि ती कडाक्याच्या थंडीत जात होती. वाघ पाहावयास ती जात नव्हती. वाघाशी झुंजलेल्याला नमस्कार करावयास जात होती.

आणि पौषच का, हे ज्याने ह्या भागातील शेती पाहिली आहे त्यास सांगावे लागत नाही. हा धानाचा मुलूख. कार्तिक-मार्गशीर्षात धान कापले जाते, खळ्यावर येते, घरात नवा तांदूळ भरतो, बांध्यांतल्या ओलीवर लाखोळी उगवून येते. वर्षभरातून एकदाच माणसाच्या हाताला उसंत आणि पदरात चार पैसे असतात. तेव्हाच मंडई भरतात, तेव्हाच शंकरपट होतात, आणि तेव्हाच झाडीपट्टीची रंगभूमी जागी होते.

ह्या रंगभूमीविषयी दोन शब्द अधिक लिहिल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. पुण्या-मुंबईचे आमचे नाट्यरसिक मित्र मराठी नाटक मरणपंथास लागल्याचे सुतक अधूनमधून पाळीत असतात. त्यांनी दिवाळीनंतर केव्हाही वडसा देसाईगंजला उतरावे. त्या लहानशा गावाच्या रस्त्याने नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या आणि त्यांचे फलक पाहत चालावे, आणि त्या रात्री जेथे प्रयोग असेल तेथे जावे. रात्री नऊ-दहाच्या पुढे पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. प्रेक्षक पाच-पाच कोस चालून किंवा गाडीतून आलेले, अंगावर घोंगडी-चादरी, कडेवर पोरे, शेकोट्या पेटलेल्या, आणि गाणे रंगले तर पुन्हा म्हणावयास लावण्याचा जुना मराठी हट्ट तेथे शाबूत. नाटक कोणत्या प्रतीचे असते असे कोणी विचारील. पुष्कळदा भडक असते; अश्रूंचा पूर येतो आणि मध्येच लावणीही घुसते. आम्ही त्याची तरफदारी करीत नाही. परंतु सरकारी अनुदानाची वाट न पाहता, तिकिटाच्या पैशांवर, खेड्यापाड्यांतून एका हिवाळ्यात शेकडो प्रयोग करणारी दुसरी रंगभूमी महाराष्ट्रात कोणी दाखवावी. ह्या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे ह्यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या पुष्कळ सुशिक्षितांनी 'झाडीपट्टी म्हणजे नेमके कोठे?' असा प्रश्न केला. जे एपिडॉरसच्या ओस पडलेल्या प्राचीन नाट्यगृहाच्या पायऱ्या मोजून येतात, त्यांनी चार तासांच्या वाटेवर भरलेले नाट्यगृह न पाहावे, हे दुर्दैव त्या नटांचे नव्हे. मे महिन्यात मात्र हे काही दिसत नाही. तेव्हा ती माणसे तेंदूपत्ता तोडावयास रानात असतात.

आता इतिहासाकडे वळू; कारण 'तेथे पाहण्यासारखे आहे काय?' हा आमच्या विद्वान स्नेह्यांचा मुख्य आक्षेप. भांदक म्हणजेच भद्रावती येथे रेल्वे थांबते. तेथील विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. दगडाच्या पोटात लांबवर शिरत जाणारी दालने आणि त्यांच्या शेवटी काळोखात बसलेली बुद्धमूर्ती. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग ज्या कोसल देशाच्या राजधानीस आला ती हीच, असे कनिंगहॅमने ठरविले होते; पुढील पंडितांत त्याविषयी मतभेद झाले, तो वाद वाचून जावे म्हणजे लेण्यातला काळोख अधिक बोलका होतो. त्याच गावात भद्रनागाचे देऊळ आहे, जैनांचे पार्श्वनाथाचे मोठे तीर्थ आहे. बौद्ध, जैन, नागपूजक व शैव अशा चार श्रद्धा एका लहान गावात हजार वर्षांहून अधिक काळ एकमेकींच्या शेजारी नांदत आलेल्या पाहावयाच्या असतील, तर समुद्र ओलांडण्याची आवश्यकता नाही.

पुढे चंद्रपूर. गोंड राजांनी बल्लारपुराहून राजधानी येथे आणली, आणि जवळजवळ अकरा किलोमीटरांचा तट घालून जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या ठेवल्या. दरवाजांच्या बाजूस हत्तीवर झेप घेणाऱ्या सिंहाची गोंड राजचिन्हे आहेत. जटपुरा दरवाजातून आज मोटारी व स्कूटरी कोंडून निघतात. त्यांतील एकाही स्वारास वर मान करण्यास फुरसत नसते. अंचलेश्वराच्या देवळाशेजारी राजा बीरशहाची समाधी आहे. ती त्याच्या राणी हिराईने बांधविली. पतीच्या पश्चात राज्य सांभाळणाऱ्या ह्या राणीनेच महाकालीचे देऊळ उभारले असे परंपरा सांगते. पत्नीने पतीसाठी बांधलेले असे भव्य स्मारक आमच्या इतिहासात किती आहेत? आग्र्यास जाऊन पतीने पत्नीसाठी बांधलेल्या स्मारकासमोर छायाचित्र काढविणाऱ्या नवदंपतींना कोणी हिराईची गोष्ट सांगितलेली आम्ही ऐकली नाही. लालपेठेत तर अर्धवट राहिलेल्या प्रचंड पाषाणमूर्ती उघड्यावर पडून आहेत. एका कोमटी सावकाराने शिवालय बांधावयास घेतले आणि तो वारला. देऊळ राहिले, मूर्ती मात्र तशाच राहिल्या, अशी त्यांची कथा. १७५१ साली हे राज्य नागपूरच्या भोसल्यांकडे गेले, १८५४ साली इंग्रजांकडे. १८५८ च्या २१ ऑक्टोबरला बाबूराव शेडमाके ह्यांस येथील तुरुंगात फाशी देण्यात आले. १९५६ च्या १६ ऑक्टोबरला, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. आंबेडकरांनी ह्याच नगरात लोकांना धम्मदीक्षा दिली. ही दीक्षा नागपुरानंतर एकट्या चांद्याच्या वाट्याला आली, हे नागपुरातच किती जणांना ठाऊक असेल?

परंतु आमच्या मनास सर्वांत अधिक डाचते ते मार्कंडा. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चांद्यातून वेगळा झाला तेव्हा हे क्षेत्र त्या बाजूस गेले. चामोर्शीजवळ वैनगंगा दक्षिणेकडची आपली वाट सोडून उत्तरेकडे वळते, आणि त्या वळणावर, पाण्याच्या अगदी काठी, देवळांचा एक समूह उभा आहे. कनिंगहॅम १८७३ ते १८७५ च्या दरम्यानच्या आपल्या दौऱ्यांत येथे आला आणि त्याने ही देवळे तपशिलाने नोंदविली. भिंतींवर देव, देवांगना, हंस, व्याल ह्यांच्या ओळींवर ओळी. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी मुख्य शिखरावर वीज पडून ते ढासळले, अशी नोंद आहे. ह्या स्थळास 'विदर्भाचे खजुराहो' म्हणण्याची रूढी पडली आहे. हा उसना अलंकार कशासाठी? वैनगंगेचे असे वळण खजुराहोपाशी आहे काय?

अलीकडच्या काळात जीर्णोद्धारासाठी मुख्य देवळाचा वरचा भाग उतरविला गेला, आणि उतरविलेले घडीव दगड वर्षानुवर्षे अंगणात वाट पाहत पडले. त्या दगडांविषयी चामोर्शीच्या लोकांनी अर्ज केले, स्थानिक पत्रांनी लिहिले. पुण्या-मुंबईच्या पत्रांनी किती लिहिले? ज्यांच्या एका पत्राने खात्याची झोप उडावी अशी वजनदार मंडळी तेथे कधी गेलेलीच नाहीत, तर ती लिहिणार कशावर? येथे आम्हांस ग्रीसची आठवण होते. पार्थेनॉनचा १६८७ साली व्हेनिसच्या तोफेने स्फोट झाला. १९७५ साली त्याच्या जीर्णोद्धारासाठी समिती नेमली गेली, आणि पुढे कित्येक दशके ते देऊळ पाहटांच्या पिंजऱ्यात उभे राहिले व त्याचे दगड क्रमांक घालून अंगणात मांडले गेले. आमची हिवाळी मंडळी तिकीट काढून तेथे जातात आणि परतल्यावर आम्हांस सांगतात की, एकेक दगड मोजून पुन्हा बसविण्यात त्या लोकांची केवढी चिकाटी! मार्कंड्याचे दगड पाहिले असते तर हीच मंडळी म्हणाली असती, 'मोडतोड आहे नुसती.' एकाच अवस्थेतील दगडाला एका ठिकाणी चिकाटी आणि दुसऱ्या ठिकाणी मोडतोड म्हणावयाचे, ह्यात दगडाचा दोष कोणता? पार्थेनॉनच्या दगडांना जगाचे डोळे राखण करितात. मार्कंड्याच्या दगडांना महाशिवरात्रीच्या यात्रेखेरीज राखण नाही.

डोळ्यांनी काय होते ह्याचा दाखला चंद्रपुरातच आहे. गोंडांचा तट झाडाझुडपांनी व कचऱ्याने गिळला होता. २०१७ पासून इको-प्रो ह्या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी महिनोन्महिने श्रमदान करून बुरुजामागून बुरूज मोकळे केले. तटावरून चालत नगरप्रदक्षिणा करावी अशी कल्पना त्यांच्यामुळे शक्य कोटीत आली. ही मुले काही इतिहासाचे पदवीधर नव्हती. पदवीधर तेव्हा विमानतळावर होते.

आमच्या वर्गातील एक अनुभव सांगतो. चामोर्शी तालुक्यातील एक विद्यार्थी आमच्यापाशी इंग्रजी वाङ्मय शिकत असे. रोमन रंगमंडलाचे वर्णन त्याने परीक्षेत असे लिहिले की आम्ही त्यास पैकीच्या पैकी गुण दिले. पुढे एकदा मार्कंड्याविषयी विचारले तेव्हा तो ओशाळून म्हणाला, 'सर, ते आमच्याकडचं आहे. त्यात काय लिहायचं?' ह्या उत्तरास तो मुलगा जबाबदार नाही. ज्या जिल्ह्यात बदली होणे म्हणजे शिक्षा असे सरकारी नोकर बोलून दाखवितात, ज्याचे नाव वर्तमानपत्रात चकमकीच्या बातमीखेरीज येत नाही, आणि ज्याच्याकडे शिकलेला पाहुणा म्हणून कोणी फिरकत नाही, तेथील मुलाने आपल्या देवळास वाङ्मयाचा विषय मानावे तरी कोणाच्या आधारावर?

आता आक्षेपांचा विचार. पहिला आक्षेप भयाचा. गडचिरोलीच्या दक्षिण भागात १९८० पासून जे सशस्त्र पर्व सुरू झाले त्यात पोलीस व आदिवासी दोघांचेही रक्त पुष्कळ सांडले आहे. ते भय काल्पनिक होते असे आम्ही म्हणणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात त्या चळवळीच्या एका अग्रगण्य नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. अबुझमाडाच्या कडेच्या गावी एकट्याने जावे असा सल्ला आम्ही आजही देत नाही. परंतु मार्कंडा, वैरागड, भद्रावती व चंद्रपूर ही स्थळे त्या धगीपासून दूर आहेत, आणि त्यांच्यावर बहिष्कार घालण्यास हे कारण पूर्वीही पुरे पडत नव्हते.

दुसरा आक्षेप गैरसोयीचा. तो पुष्कळ अंशी खरा आहे. चंद्रपूर सोडल्यास चांगली उतारगृहे थोडी. मार्कंड्यास मुक्काम करावयाचा तर धर्मशाळेची तयारी हवी. गडचिरोली नगरास अद्याप रेल्वेचा डबा पोहोचलेला नाही, वडशापर्यंतच तो जातो. पण गैरसोय ही परदेशात 'अनुभव' होते आणि घरी 'मागासलेपणा', ह्याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते.

तिसरा आक्षेप कोणी घेत नाही, म्हणून आम्हीच घेतो. चंद्रपूरची हिवाळ्यातील हवा सौम्य असते, स्वच्छ नसते. कोळशाच्या खाणी आणि २९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र नगराच्या उशाशी आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत चंद्रपूरची गणना केली. थंडीत जमिनीलगतची हवा जड होऊन बसते आणि धूर वर जाण्याऐवजी गल्ल्यांतून रेंगाळतो. पहाटे तटावर गेल्यास सूर्य तांबडा दिसतो तो केवळ धुक्यामुळे नव्हे. हे पाहुण्याने पाहावे असे आम्हांस आग्रहाने वाटते. पुण्या-मुंबईच्या घरांत जो दिवा लागतो त्याचा धूर कोणाच्या छातीत जातो, हे ज्ञान मे महिन्यात वाघामागे धावताना होत नाही.

येथे एक इशारा देणे प्राप्त आहे; कारण आमचे म्हणणे ऐकून उद्या कोणी भामरागडच्या वाटेला लागेल आणि माडियांचे 'गोटुल' दाखवा म्हणून हट्ट धरील. एका परकी विद्वानाने १९४७ साली बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून नागर वाचकांचे त्या विषयीचे कुतूहल बहुधा निर्मळ राहिलेले नाही. माणसे म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. आदिवासींकडून काही पाहून घ्यावयाचे असेल तर धानोरा तालुक्यातील मेंढा लेखा पाहावे. ह्या गोंड खेड्याने निर्णय सर्वसंमतीने घ्यावयाचे असा नेम घातला, वर्षानुवर्षे अभ्यासमंडळे चालविली, आणि २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला. २०११ साली बांबू विकण्याचा अधिकारही प्रत्यक्ष हाती घेतला. लोकसत्तेचे माहेर म्हणून अथेन्सची वाट तुडविणाऱ्यांना, सर्वांनी एकत्र बसून गावाचा निर्णय करणे ही गोष्ट जिवंत स्थितीत पाहावयाची असेल तर तेथे ती सापडेल. मात्र तेथे जावयाचे ते आधी विचारून, आणि बोलावयास नव्हे, ऐकावयास.

बेत कसा आखावा हे विचारणाऱ्यांस आमचे सांगणे असे. मार्गशीर्षाच्या अखेरीपासून माघाच्या मध्यापर्यंतचे कोणतेही आठ-नऊ दिवस काढावे. आधी गॅझेटियर वाचावे, आणि ते वाचताना, आमच्याच मुलखाचे उत्तम वर्णन आम्हांस अद्यापि परक्याच्या दप्तरातून का काढावे लागते, ह्याची थोडी लाज बाळगावी. भद्रावतीस एक दिवस, चंद्रपुरास तीन. दोन मार्कंड्यास, त्यांतील एक सकाळ तरी नदीच्या पलीकडच्या वाळूत बसून देवळांकडे पाहण्यात घालवावी. वैरागडचा किल्ला वाटेत घ्यावा. तेथील हिऱ्यांच्या खाणीची वार्ता अबुल फजलने आपल्या 'आइने-अकबरी'त नोंदविली आहे. गोंड अमदानीत जो तलाव बांधील त्यास त्याखालची जमीन असा दंडक होता असे सांगतात, आणि अशा जमिनीस तुकूम म्हणत; ते नाव आज चंद्रपूरच्या एका वस्तीपुरते उरले आहे, परंतु तलाव अजून शेकड्यांनी आहेत आणि हिवाळ्यात त्यांवर उत्तरेकडचे पक्षी उतरतात. ज्यांच्यापाशी आणखी चार दिवस असतील त्यांनी आलापल्लीच्या सागवानातून सिरोंच्यापर्यंत जावे. तेथे प्राणहिता गोदावरीस मिळते, आणि त्या परिसरातील कोटा नावाच्या खडकांच्या थरांत महाकाय सरड्यांच्या अस्थी सापडल्या. १९६० च्या सुमारास त्या खणून काढल्या गेल्या, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे ते दिवस होते, म्हणून १९७५ साली त्या प्राण्याचे 'बारापासॉरस टागोराय' असे बारसे झाले. त्याचा सांगाडा पाहावयाचा तर कोलकात्यास जावे लागते. तो जेथे चालला ती जमीन मात्र अद्याप सिरोंच्यातच आहे.

वाघ? तो हिवाळ्यातही असतो. रान दाट असते आणि पाणी सर्वत्र असते, म्हणून तो दिसेलच अशी हमी कोणी देणार नाही. ताडोबाच्या तळ्यावर पहाटे पाण्यातून वाफ निघत असते, काठच्या गवतात सांबरे उभी असतात, आणि एवढ्यावर ज्यांचे समाधान होणार नाही त्यांनी खुशाल वैशाखात यावे.